उचललेली हाक

येडू कोळेकराला अक्षर आलं ते अठ्ठावन्नाव्या वर्षी आणि मोबाईल आला तो सहासष्टाव्या. दोन्ही त्याला नातीनं दिलं. ऋतुजा चौथीत होती तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत मेंढरांमागं आली आणि दगडावर कोळशानं ‘अ’ काढून म्हणाली, “आज्जा, गिरव.” वर्षभरात येडू रस्त्यावरच्या पाट्या वाचू लागला, पुढं पेपर. ती सोलापूरला कॉलेजात गेली, नवा फोन घेतला आणि जुना आज्जाच्या हातात ठेवला. तेव्हापासून सांगोल्याकडच्या मेंढपाळांत येडू ‘वाचणारा’ ठरला. कुणाचा मेसेज आला, कुणाचं अॅप अडलं, की माणूस दोन कोस चालत त्याच्या बिऱ्हाडावर येई.

आणि येडूला मतं फुटली.

हवामानाच्या अॅपवर त्याचा दात होता. एकदा त्यानं ‘पाऊस’ म्हटलं म्हणून येडूनं दिवसभर कोकरं झाकून ठेवली आणि आभाळात ढगाचं पीससुद्धा आलं नाही. ऋतुजानं दाखवलं, की अॅपला तारे देता येतात आणि खाली दोन शब्द लिहिता येतात. येडूनं दोन तारे दिले आणि पाऊण तास खपून लिहिलं, ‘वारा बघत न्हाय. नुसतं ढग बघतंय.’ नकाशाच्या अॅपला एक तारा, कारण ते कळपाला फुटक्या कॅनॉलच्या वाटेनं पाठवत होतं. बोललेलं आपोआप लिहून देणाऱ्या अॅपला तर तो एकही तारा द्यायला तयार नव्हता. “म्हातारपणी बोटं घासून अक्षर कमवलं,” तो म्हणे, “आन् ह्ये बोलल्या बोलल्या लिव्हतंय. मग माजं काय ऱ्हायलं?”

पाच तारे त्यानं एकाच अॅपला दिले होते. आवाज धरून ठेवणाऱ्या. त्याच अॅपनं त्याचा घात केला, असं तो पहिले काही दिवस स्वतःला सांगत होता. घात अॅपनं केला नव्हता. तो त्याचा त्यानंच केला होता, आणि हे तोंडानं बोलायला त्याला तेरा दिवस लागले.

*

येडूची बायको मायाक्का. तिची हाक साऱ्या मुलखात नावाजलेली. आधी उंच चढणारा ‘हीऽऽऽ’, मग जिभेची घरघर, आणि शेवटी तीन ‘ह्या’, खाली खाली येणारे, थकलेलं माणूस पायऱ्या उतरावं तसे. ती हाक कानावर पडली की दीडशे मेंढरं तोंडातला घास टाकून तिच्याकडं निघत. दुपारी पाण्यावर न्यायला आणि संध्याकाळी वाघरीत, म्हणजे दोरीच्या जाळीत कोंडायला, तीच हाक मारी. येडूच्या हाकेवर मेंढरं माना वर करत, जरा विचार केल्यासारखं करत, आणि पुन्हा चरू लागत. चाळीस वर्षांचा संसार झाला, पण ही गोष्ट त्याला कुठंतरी खुपत आली होती.

त्यांच्यात हाकेचा एक रिवाज आहे. ज्याची हाक त्याची. दुसऱ्याची हाक काढायची नाही, मस्करीतसुद्धा नाही. मेंढरं चोरणारे तसं करतात म्हणून हा धाक. कुणी तसं केलं तर त्याला ‘हाक उचलली’ म्हणतात आणि त्याची शिक्षा ठरलेली. पुढच्या अवसेपर्यंत त्यानं कळपाशी तोंड उघडायचं नाही, आणि मिठाचा खडा मेंढरांना त्याच्या हातून द्यायचा नाही. येडूच्या लहानपणी सिद्धाप्पा म्हणून एकानं भावकीतल्या बाईची हाक गमतीनं काढली होती. ती अवस येऊन गेली, पुढं सिद्धाप्पाही गेला, पण त्याच्या नातवाची सोयरीक निघाली तेव्हासुद्धा कुणीतरी हळूच विचारलंच, “म्हंजी त्येच का, हाक उचलणारे?”

हे सगळं येडूला ठाऊक होतं. तरी पौषात, मायाक्का विहिरीच्या कडेला उभी राहून हाक मारत होती तेव्हा, त्यानं झुडपामागं बसून फोनचं लाल बटण दाबलं. मनाशी म्हणाला, तिचे गुडघे गेलेत, कधी घरी राहिली तर उपयोगी पडंल. हे खरंच होतं. पण दोन दिवसांनी मायाक्का बाजाराला गेली आणि त्यानं ओढ्यात एकटं उभं राहून फोन वाजवला, अन् सगळा कळप त्याच्या अंगावर धावून आला, तेव्हा त्याला जो आनंद झाला त्यात गुडघे कुठंच नव्हते.

मायाक्काला त्यानं सांगितलं नाही.

*

फाल्गुनात त्यांचं बिऱ्हाड मोडनिंबजवळ, हायवेच्या पलीकडं, ज्वारी काढलेल्या रानात पडलं. हायवेच्या अलीकडं एजाजचं मोबाईलचं दुकान. एजाज तिशीतला, बोलायला गोड, हाताला त्याहून गोड; मेलेला फोन उठवून दाखवी. येडू फोन चार्जिंगला लावायला रोज तिथं जाई आणि दुकानासमोरच्या बाकावर मतं मांडी.

त्या दिवशी बाकावर चार-पाच जण होते. घडी होणारा फोन चांगला का बिनघडीचा, यावर जुंपली होती.

“घडी कशाला पायजे?” येडू म्हणाला. “घडी घोंगड्याची करावी. फोनची घडी म्हंजी दुमडल्याली काच. उद्या उसवली तर शिवनार कोन, तू?”

“आण्णा, तुमी दुकान बंद पाडनार माझं,” एजाज हसत म्हणाला. “बरं, तुमच्या ह्या डबड्यात काय हाय सांगा की, जे नव्या फोनमदी न्हाय.”

तिथंच येडूची जीभ सैल सुटली. “माज्या डबड्यात दीडशे मेंढरं हायत.”

सगळे हसले. एकजण म्हणाला, “आण्णा, उन्हानं मेंढरं तापली का डोकं?”

येडूला ते लागलं. त्यानं ओढ्यातली हकिकत सांगितली. कुणाला पटेना. एजाजनं वरातीत लावायचा त्याचा उंच स्पीकर दाराबाहेर ओढला, येडूचा फोन त्याला जोडला आणि स्वतःचा फोन हातात धरून म्हणाला, “लावा. पलीकडं दिसतायत की मेंढरं. मी शूटिंग घेतो. मान वर केली तरी आमी हारलो.”

येडूनं पलीकडं बघितलं. कळप लांब होता, विहिरीच्याही पुढं. मधे हायवे, ट्रकांचा घरघराट. एवढ्या गोंगाटात काय ऐकू जातंय, असं त्याला वाटलं. असं वाटलं, असं त्यानं नंतर स्वतःला शंभर वेळा सांगितलं. पण बोट ठेवताना मनात जे होतं ते दुसरंच होतं. ऐकू जावं, असंच त्याला वाटत होतं. बाकावरच्यांनी बघावं.

मायाक्काची हाक स्पीकरमधून फुटली. हायवेच्या वरून गेली.

दीडशे माना एकदम वर झाल्या. बाकावर आरडाओरडा झाला, शिट्टी वाजली. मेंढरं निघाली. आधी चालत, मग पळत. सगळ्यांच्या पुढं चांदी, गळ्यात घंटा बांधलेली, जिला मायाक्कानं तिची आई मेल्यावर बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. रस्त्याच्या मधल्या भिंतीला तिथं नेमकं खिंडार होतं.

“बंद कर! बंद कर त्ये!” येडू ओरडला. एजाजनं वायर उपटली. तोवर चांदी डांबरावर आली होती.

टेम्पोवाल्यानं ब्रेक मारला, त्याचा दोष नव्हता. चांदी गेली. तिच्या मागची तीन गेली, त्यातली एक गाभण होती. बाकीची बुजून माघारी फिरली म्हणून वाचली. येडू रस्त्यात दोन्ही हात पसरून उभा होता आणि त्याच्या पायाशी ती घंटा अजून हलत होती.

पलीकडून मायाक्का आली. दुखऱ्या गुडघ्यांनी पळत आली. चांदीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मग येडूकडं न बघताच म्हणाली,

“म्या हाक मारली वो.”

येडूला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

“पान्यावर न्यायला म्या आत्ता हाक मारली. आन् ही माज्याकडं न येता उलटी पळाली. माजाच आवाज मला फिरून आल्यासारका झाला. रस्त्याकडनं.” तिनं वर बघितलं. “असं कसं झालं?”

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण येडू म्हणाला, “हॉर्नला बुजली आसतील.”

*

हॉर्नला बुजली. तीन शब्दांचा तो खोटेपणा पुढं तेरा दिवस त्याच्याबरोबर चालला.

मायाक्काला तो पटला नव्हताच. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता ती म्हणाली, “हॉर्नला बुजली तर हॉर्नपासनं लांब पळतील. हॉर्नकडं कशाला पळतील?” येडूनं भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

तिनं हाक मारणं सोडलं. दुपारी काठीनं, ढेकळं मारत, कळपाच्या मागं लंगडत फिरून ती मेंढरं पाण्यावर नेऊ लागली. जे काम एका हाकेचं, त्याला तास लागे. येडू म्हणाला, “मार की हाक.” ती म्हणाली, “माजी हाक फिरलीया. फिरल्याल्या हाकंनं उद्या कुटं नेऊन घालीन त्यास्नी.” तिच्या आईच्या वेळी एका म्हातारीची हाक अशीच फिरली होती म्हणे, तिनं काठी सुनेच्या हातात दिली आणि पुन्हा कळपाचं तोंड बघितलं नाही. “पाडव्याला आपुनबी घरी जाऊ,” मायाक्का म्हणाली. “मेंढरं भावकीत वाटून टाका. माजं झालं.”

ती मेंढरांवाचून जगणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. घरात बसलेली मायाक्का त्यानं एकदाच बघितली होती, पाय मोडला तेव्हा. भिंतीकडं तोंड करून पडलेली असे, आणि बाहेर कुणाचंही मेंढरू ओरडलं की उठून बसे.

त्यानं फोन फडक्यात गुंडाळून घोड्यावरच्या ओझ्यात खाली कोंबला; ऋतुजा फोन करील म्हणून तेवढा विहिरीवरच्या मोटरच्या खोलीत चार्ज करून आणी. लोक विचारत, “आण्णा, एवडं वाचून दावा की.” तो म्हणे, “डोळं दुकत्यात.” पण फोन गुंडाळला तरी वाजायचा राहत नाही. नवव्या दिवशी वाजला. ऋतुजा होती.

“आज्जा! तुमी तर फेमस झालाय! व्हिडिओ बघितला मी. सोळा हजार लोकांनी बघितलाय. माझ्या हॉस्टेलच्या पोरी विचारतायत, हेच का तुझे आजोबा?”

“कसला व्हिडिओ?”

“तोच की, मोडनिंबचा. तुमी फोन लावता आणि सगळी मेंढरं माना वर करून पळत येतात. लोकांनी काय काय लिहिलंय! ‘आजोबांचं अॅप एक नंबर.’ ‘ह्याला म्हणतात स्मार्ट फोन.’ बघा तर.”

येडूनं बघितलं. एकवीस सेकंद. तो स्वतः, हसताना, एक दात नसलेला, फोन उंच धरून. मग हाक. मग माना. मग धावणारा कळप, पुढं चांदी, उन्हात पांढरी. तिथं व्हिडिओ संपत होता. रस्त्यावर पुढं काय झालं ते त्यात नव्हतं. खाली लोकांनी बदाम आणि हसरी तोंडं टाकली होती. आपलं अक्षर आपल्याला यावं, एवढ्यासाठी त्यानं म्हातारपणी कष्ट केले होते. आता त्याच अक्षरांनी सोळा हजार माणसांची शाबासकी त्याला एक-एक करून वाचावी लागत होती.

“आज्जा? ऐकताय ना? आज्जीला दाखवा की.”

“दावतो,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

बाराव्या दिवशी तो एजाजकडं गेला. अपघातानंतर पहिल्यांदाच. एजाज त्याला बघून उठला, खुर्ची पुढं केली, नजर मात्र काउंटरवर.

“काढ त्यो व्हिडिओ.”

“काढला आण्णा. कालच काढला. मला वाटलं, चांगला भाग तेवढा टाकावा, तुमचं नाव होईल. चूक झाली.” मग हळू म्हणाला, “पन लोकांनी उतरवून घेतलाय. कितीजणांनी, ते मलाबी कळत न्हाय. पोरं तर त्यातली हाक काढून रिंगटोन लावायलीत.”

“म्हंजी ती हाक आता...”

“आता कुनाच्याबी खिशात असंल, आण्णा.”

येडू बसला. जरा वेळानं एजाज म्हणाला, “अक्कास्नी मी सांगू का? सगळं माझ्यावर घेतो. स्पीकर माझा होता, शूटिंग माझी होती.”

मोह झाला. खोटं कशाला बोला, क्षणभर येडूला खरंच मोह झाला.

“नगं,” तो म्हणाला. “हाक म्या उचलली. सांगनारबी मीच.”

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मायाक्का कळप पाण्यावर घेऊन आली. विहिरीच्या काठावर बसून गुडघे चोळू लागली. येडू तिच्यासमोर खाली मातीत बसला आणि फडक्यातून फोन काढला. काय बोलायचं ते त्यानं सकाळपासून जुळवलं होतं, पण त्यातलं काहीच आठवेना.

“अगं, तुजी हाक फिरल्याली न्हाय,” तो म्हणाला. “म्या उचलली व्हती.”

तिला कळलं नाही. त्यानं बटण दाबलं. आवाज बारीक ठेवला होता, तरी पाणी पिणाऱ्या मेंढरांच्या माना वर झाल्या. ‘हीऽऽऽ’ चढत गेला, घरघर झाली, तीन पायऱ्या उतरल्या.

मायाक्का फोनकडं बघत राहिली. “ही मी?”

“व्हय.”

“परत लावा.”

त्यानं लावला. तिनं डोळे मिटून ऐकलं. मग येडूनं सगळं सांगितलं: पौषातलं झुडूप, ओढा, बाक, स्पीकर, बोट. हॉर्नचं खोटं होतं, तेही सांगितलं. मेंढरांना ऐकू जावं असं आपल्याला वाटत होतं, हेसुद्धा.

मेंढरं पुन्हा पाण्याला लागली.

“तेरा दिस,” ती म्हणाली. “तेरा दिस मी, चांदीला म्याच मारली म्हनून बसले. आन् तुमी हितं बसून माज्या हातची भाकर खाल्ली.”

“व्हय.”

“मागितली आसती तर दिली आसती की वो हाक. तुमच्या दारात आल्ये तवा काय राखून ठेवलं व्हतं म्या?”

तिनं फोनकडं बोट दाखवलं.

“पुसा त्ये.”

त्यानं तिच्यासमोर पुसलं. मग म्हणाला, “ह्यातनं गेलं. पन लोकांच्या फोनात ऱ्हायलं. त्ये पुसता येत न्हाय.” ती हाक आता कुठंही वाजू शकते, हे त्यानं तिला समजावून सांगितलं.

तिनं कळपावर नजर फिरवली. मग पदराच्या टोकाची गाठ सोडून मिठाचे खडे बघितले, किती आहेत ते, आणि उठली.

“म्हंजी ती हाक गेली. नवी लावावी लागंल.”

“ह्या वयात? दीडशे मेंढरांस्नी?”

“मग काय रस्त्यावर घालू त्यास्नी?” ती वळली. “आन् अवस कदी हाय?”

येडूला बघावं लागलं नाही. ते त्यानं आधीच बघून ठेवलं होतं. “सोळा दिस हायत.”

“मग सोळा दिस कळपाशी तोंड उगडायचं न्हाय तुमी. कोन पंच बसनार न्हायती, कुनाला सांगनारबी न्हाय मी. पन उगडायचं न्हाय.”

“न्हाय उगडत.”

त्याच दिवशी त्यांनी बिऱ्हाड हलवलं. हायवे सोडून आत, माळावर, जिथं नुसती बैलगाडीची वाट होती. मायाक्का नवी हाक लावू लागली. जुनी वर चढत होती, म्हणून ही तिनं खालून धरली: लांब, घोगरी ‘होऽऽऽ’ आणि दोनदा जिभेचा टाळा, म्हणजे टाळूला जीभ आपटून ‘टॉक्’. मेंढरं ढिम्म. ती तळहातावर मीठ घेऊन एकेकीच्या तोंडाशी जाई, चाटू देई, हाक मारी, मागं सरके. कोकरांना शिकवतात तसं, पहिल्यापासून. संध्याकाळी आवाज बसे. येडू लांब उभा राहून हे बघे. मदतीला धावावं, दोन शब्द बोलावेत, असं त्याला होई, आणि तो ओठ मिटून घेई. फोनची बॅटरी संपली होती. त्यानं चार्ज केला नाही.

सहाव्या दिवशी वाटेनं दोन पोरं मोटरसायकलवरून आली. त्यांनी कळप बघितला, मग येडूला बघितलं. मागचा म्हणाला, “अरे, ह्ये त्येच आजोबा हायत! थांब, थांब.” आणि खिशातून फोन काढला.

येडूनं हात जोडले. दोन्ही हात डोक्यावर नेऊन नाही नाही केलं. पोरांना वाटलं, म्हातारा नमस्कार करतोय.

मायाक्काची जुनी हाक माळावर वाजली.

दीडशे माना वर झाल्या आणि मोटरसायकलीकडं वळल्या. पुढची दहा-पंधरा निघालीसुद्धा. येडूच्या घशात ओरडा आला आणि तिथंच अडकला. त्यानं तो गिळला आणि काठी आडवी धरून त्यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. पाठीमागून मायाक्कानं हाक मारली. नवी, घोगरी, बसलेल्या आवाजातली. ‘होऽऽऽ’, आणि दोन टाळे.

कळप मधेच थांबला. इकडं बघेना, तिकडं जाईना. मोटरसायकलवर पोरं हसत होती आणि फोन पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता.

मायाक्कानं मिठाचा हात पुढं केला आणि पुन्हा हाक मारली.

कडेला उभी असलेली एक लंगडी मेंढी वळली. ती चांदीची धाकटी लेक होती. दोन पावलं मायाक्काकडं गेली, थांबली, आणि मग चालू लागली. तिच्या मागं तिचं कोकरू. मग आणखी चार. बाकीची अजून उभीच होती, येडूच्या काठीपाशी, त्याच्या तोंडाकडं बघत, तो काहीतरी म्हणेल म्हणून.

तो काही म्हणाला नाही. अवसेला अजून दहा दिवस होते.